धावत्या ओळींची बाजू

संगणक सुरू होताना पडद्यावर एखादं स्वच्छ चित्र असावं, त्याखाली काहीतरी गोलगोल फिरत राहावं आणि बाकी काहीही दिसू नये, या मताचा मी बरीच वर्षं होतो. नुसतं मत बाळगून नव्हतो, वाद घालून ते इतरांना पटवून देत होतो. आज मी उलट बाजूला आहे. निदान ऑपरेटिंग सिस्टिम टाकली जात असताना, आणि सुटे भाग आणून जोडलेल्या मशीनवर तर नक्कीच, आत काय चाललंय त्याच्या सगळ्या ओळी पडद्यावर धावताना दिसल्या पाहिजेत असं मला वाटतं. हा बदल कसा झाला ते सांगतो. त्यात माझ्याबद्दलची एक गोष्ट फारशी शोभणारी नाही, तीही सांगतो.

आधी जुन्या मताची बाजू, कारण ती अगदीच पोकळ नव्हती. लोकांच्या मशीनवर लिनक्स टाकून द्यायची हौस मला कॉलेजपासूनची. शेजारी, मित्रांकडे, एका शाळेच्या संगणक खोलीत, जिथे बोलावतील तिथे सीडी घेऊन जायचो. त्या काळात मशीन चालू केलं की काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळींचा लोंढा यायचा. मालक माझ्या खांद्यावरून बघत असायचा आणि बघता बघता त्याचा चेहरा उतरायचा. "हॅक झालं का?" "व्हायरस आहे का हा?" एका बाईंनी तर घाबरून भिंतीवरचं बटणच बंद केलं होतं. त्या ओळींत 'फेल्ड' हा शब्द अधूनमधून यायचाच, कारण मशीनमध्ये नसलेली वस्तूही कर्नल शोधून बघतो आणि सापडली नाही की तसं लिहून मोकळा होतो. त्याने काहीही बिघडत नाही. पण हे समोरच्याला समजावेपर्यंत पुढचा 'फेल्ड' येऊन गेलेला असायचा.

म्हणून 2008 साली फेडोरा 10 मध्ये प्लायमाउथ आलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. मशीन सुरू होतानाच्या ओळी झाकून त्यांच्या जागी देखणं चित्र दाखवणं, एवढंच त्याचं काम. 2010 च्या 10.04 आवृत्तीत उबुंटूनेही ते घेतलं. पुढे 2019 मध्ये फेडोरा 30 ने मदरबोर्डाच्या चित्रापासून लॉगिनच्या चौकटीपर्यंत पडदा एकदाही लुकलुकणार नाही इथवर मजल मारली. कुणी जुन्या वळणाचा माणूस "काय चाललंय ते दिसत नाही" अशी कुरकूर करू लागला की माझा हुकमी मुद्दा तयार असायचा: ओळी इंग्रजीत, इंग्रजी येणाऱ्यालाही न कळणाऱ्या, आपल्याकडच्या माणसाला त्यांचा उपयोग काय? त्याला मशीन वापरायचंय, त्याचं पोस्टमॉर्टेम करायचं नाही.

माझी भाची ब्लेंडरवर अॅनिमेशन शिकते. तयार मशीन घेण्यापेक्षा जोडून घेतलं तर त्याच पैशात तगडं मिळेल हा तिचा हिशोब, आणि तो बरोबर होता. लॅमिंग्टन रोडवर दोन दिवस फिरून तिने भाग निवडले. (रस्त्याचं नाव कधीचं डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झालंय, पण संगणकाचा भाव विचारायला जाणारा कुणी ते घेत नाही.) रायझन 7000 मालिकेतला प्रोसेसर, डीडीआर5 रॅमच्या सोळा-सोळा जीबीच्या चार स्टिक, बाजारात नुकतंच आलेलं ग्राफिक्स कार्ड, एनव्हीएमई एसएसडी, चांगल्या वॉटेजचा एसएमपीएस आणि काचेचं कॅबिनेट, ज्याच्या आत सगळं इंद्रधनुष्यासारखं उजळतं. दुकानातल्या मुलाने जोडून दिलं. ओएस आपली आपण टाकणार म्हणाली.

घरी आणून चालू केलं. पंखे फिरले, रंग उजळले, पडदा काळाच. पाच मिनिटांनी फोन आला. "मामा, मेलं बहुतेक."

ते मेलेलं नव्हतं. डीडीआर5 रॅम पहिल्यांदा चालू होते तेव्हा बोर्ड तिच्याशी विजेच्या वेळा आणि दाब जुळवून बघतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. रॅम जितकी जास्त आणि स्टिक जितक्या अधिक, तितका वेळ. 2022 साली या प्रोसेसरचे एएम5 बोर्ड आले तेव्हा या पहिल्या काळ्या मिनिटांनी जगभर कितीतरी जणांना घाबरवलं, कारण तेवढा सगळा वेळ पडद्यावर काहीही उमटत नाही. जुळवणी संपली की बोर्ड तिचा निकाल जपून ठेवतो आणि पुढच्या वेळी लवकर सुरू होतो. मी तिला बोर्डाच्या कडेला चार बारीक दिवे शोधायला सांगितले: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. बोर्ड सध्या कुठल्या पायरीवर आहे ते त्यांतला पेटलेला दिवा सांगतो. दोन मोठ्या पंख्यांचे सतरा रंग खोलीभर नाचत होते आणि ज्या एकाच दिव्याला काही अर्थ होता तो मोहरीएवढा, जाड केबलच्या मागे दडलेला. डीरॅम. "थांब," म्हटलं. थोड्या वेळाने चित्र आलं.

मग पेनड्राइव्हवरून लिनक्स टाकायला घेतलं आणि ते लोगोवर अडकलं. लोगोखालचं चक्रही थांबलेलं.

इथे माझं ज्ञान सुरू झालं. ते कसं असतं बघा. "कॅप्स लॉक दाब, कीबोर्डवरचा दिवा लागतो का?" लागला नाही, म्हणजे कर्नलच गोठलाय. "पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकतोय का?" नाही. "बंद करून दुसऱ्या यूएसबी पोर्टला लाव." तेच. "पेनड्राइव्ह परत बनव." तेच. बंद दारावर टिचक्या मारून आत कुणी आहे का ते ओळखण्याची ही विद्या मी वर्षानुवर्षं कमावली होती आणि तिच्यावर माझी बऱ्यापैकी प्रतिष्ठा उभी होती. हार्ड डिस्क होत्या तेव्हा आणखी एक खूण असायची: डिस्कचा आवाज. खरखर चालू असेल तर काम चालू आहे, लयीत टिकटिक असेल तर डिस्क गेली. त्याआधी, 1981 च्या आयबीएम पीसीपासून, बीपचा संकेत होता. किती वेळा आणि किती लांब वाजलं त्यावरून बिघाड ओळखायचा. आताच्या बहुतेक कॅबिनेटमध्ये तो छोटा स्पीकरच नसतो. एसएसडीला आवाज नाही. प्लायमाउथने ओळी झाकल्या तेव्हा निदान डिस्क तरी बोलत होती. एकेक करत सगळेच गप्प झाले, हे त्या रात्रीपर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

दुकानदाराला तिने फोन केला होता. "मॅडम, विंडोज टाकून बघा, लिनक्सला प्रॉब्लेम येतो," हे त्याचं उत्तर. मीही उद्या दुसरं लिनक्स आणून बघू म्हणालो. दोघांच्या सल्ल्यात तसा फरक नव्हता: दिसत काहीच नाही, तर काहीतरी बदलून बघा.

तिने ऐकलं नाही. थोड्या वेळाने फोन आला तो वेगळाच. पेनड्राइव्हच्या पहिल्या मेनूत 'ई' दाबून सुरुवातीची आज्ञा तिने उघडली होती, तिच्यातले 'क्वाएट स्प्लॅश' हे दोन शब्द खोडले होते आणि पुढे जाऊ दिलं होतं. ओळी धावल्या आणि थांबल्या. तिने पडद्याचा फोटो पाठवला. डाव्या कडेला चौकोनी कंसात कर्नल सुरू झाल्यापासूनचे सेकंद, शेजारी कोण बोलतंय त्याचं नाव, पुढे काय म्हणतंय ते. शेवटचं नाव ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचं होतं. कार्ड पेनड्राइव्हवरच्या कर्नलपेक्षा नवं होतं आणि ड्रायव्हरला ते नीट ओळखता येत नव्हतं.

शेवटची ओळ म्हणजे गुन्हेगार, असं नसतं. ती फक्त शेवटचं बोललेल्याची. अडकलेला त्याच्या पुढचा असू शकतो, जो बोलायच्या आतच अडकला. पण शोध कुठल्या गल्लीत घ्यायचा हे तिच्यावरून कळतं. 'नोमोडसेट' हा शब्द जोडला की कर्नल ग्राफिक्स ड्रायव्हरच्या भानगडीत न पडता फर्मवेअरने दिलेल्या साध्या चित्रावर भागवतो; बऱ्याच लिनक्सच्या मेनूत यासाठी 'सेफ ग्राफिक्स' अशी तयार नोंदही असते. ते केल्यावर मशीन पुढे सरकलं. सगळं झालं की कार्डाचा खरा ड्रायव्हर टाकायचा.

मला वाटलं, संपलं. फायली उतरू लागल्या आणि निम्म्यावर पट्टी थांबली. पुन्हा केलं तर आणखी पुढे थांबली. मग आणखी आधी.

आता मात्र ती चित्राकडे बघतच नव्हती. ओळींत लिहिलेलं होतं की दाबून भरलेली फाइल उलगडताना आतला मजकूर जुळत नाही. याची कारणं साधारण तीन: उतरवून घेतलेली फाइलच सदोष, पेनड्राइव्ह खराब, किंवा ज्या रॅममध्ये ती उलगडली जातेय ती रॅम. फाइलचा एसएचए-256 बेरीज-आकडा तिने अधिकृत आकड्याशी ताडून पाहिला, जुळला. राहिले दोघे. यातला फरक ओळखायची युक्ती मला ठाऊक होती, पण ती वापरायला ओळी लागतात: पेनड्राइव्ह खराब असेल तर चूक दर वेळी त्याच जागी येते, रॅम खराब असेल तर जागा बदलत राहते. आमच्या फोटोंत दर वेळी वेगळी जागा होती. नुसत्या पट्टीवरून हे कळलं नसतं, कारण पट्टीचा टक्का आणि खरोखर वाचली जाणारी जागा यांचं फारसं सख्य नसतं.

मेमटेस्ट हा रॅम तपासणारा जुना कार्यक्रम, मूळचा क्रिस ब्रेडी यांनी 1994 मध्ये लिहिलेला. त्याची मेमटेस्ट86 प्लस ही शाखा आम्ही रात्रभर लावायची ठरवली होती. रात्र लागली नाही. पहिल्याच फेरीत लाल ओळी.

स्टिक मात्र चारही चांगल्या निघाल्या. एकेक लावून तपासली की एकही चूक नाही. दोष वेगाचा होता. खोक्यावर 6000 लिहिलेलं, म्हणून दुकानातल्या मुलाने बायॉसमध्ये एक्स्पो प्रोफाइल चालू करून दिलं होतं, आपुलकीने. तो 6000 म्हणजे रॅमच्या कंपनीने दिलेला चढा वेग. प्रोसेसरच्या हमीत तो बसत नाही. रायझन 7000 साठी एएमडीचा स्वतःचा आकडा दोन स्टिक असतील तर 5200, आणि चार असतील तर 3600. चारचं ओझं मेमरी कंट्रोलरला फार होतं. एक्स्पो बंद केलं, बोर्डाने आपणहून 3600 धरलं, मेमटेस्ट स्वच्छ, आणि लिनक्स एका दमात बसलं. नंतर तिने चारच्या बदल्यात बत्तीसच्या दोन घेतल्या. दुकानदाराने बदलून दिल्या, थोडी घासाघीस झाली.

हे सगळं एरवी मी 'एक किचकट केस' म्हणून गप्पांत रंगवलं असतं. पण मला खटकत राहिलं ते वेगळं. अडकलेल्या मशीनने दोन्ही वेळा काय झालंय ते सांगितलं होतं. पहिल्यापासून सांगत होतं. आम्हीच त्याच्या तोंडावर चित्र धरलं होतं, आणि त्या चित्राची मी वकिली करत आलो होतो. त्यात हेही आलं की ऑपरेटिंग सिस्टिम टाकणं हे जोडलेल्या मशीनच्या बाबतीत निव्वळ सॉफ्टवेअरचं काम नसतं. तयार मशीन कारखान्यात तासन्‌तास चालवून तपासलेलं असतं. जोडलेल्याचे सगळे भाग एकत्र ताणले जाण्याची पहिली वेळ बहुधा हीच. म्हणजे बोलण्याची सर्वांत गरज असते नेमकी तेव्हाच आपण त्याला गप्प बसवतो.

यावर मी थोडं वाचायला लागलो तेव्हा लिनस टोरवाल्ड्सचा किस्सा पुन्हा आठवला. ऑक्टोबर 2022 मध्ये कर्नलच्या 6.1 आवृत्तीसाठी बदल स्वीकारण्याचा काळ चालू असताना त्याच्या मुख्य मशीनवर विचित्र बिघाड होऊ लागले. ते मशीन 2020 मधलं, थ्रेडरिपर प्रोसेसरचं, अडीच वर्षं बिनतक्रार चाललेलं. कर्नलच्या कर्त्यालाही आधी संशय आला तो नव्या कर्नलचाच. मग त्याने जुना कर्नल लावून बघितला, तरी तेच. रात्रभर मेमटेस्ट लावला आणि रॅमची एक स्टिक गेलेली सापडली. त्याचा राग होता तो साध्या रॅमच्या गप्पपणावर. ईसीसी रॅम एका बिटची चूक स्वतः दुरुस्त करते, दोन बिटांची ओळखते आणि दोन्ही वेळा तसं कळवते. साधी रॅम चुकीचा आकडा खऱ्यासारखाच हातात ठेवते. मशीन जोडलं तेव्हा, कोविडच्या सुरुवातीला, त्याला ईसीसी मिळाली नव्हती. डीडीआर5 च्या प्रत्येक चिपच्या आत आता चूक निस्तरण्याची छोटी सोय असते, जाहिरातीत ती मोठ्या अक्षरांत असते. पण ती केलेली दुरुस्ती सहसा ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंत पोचत नाही. निस्तरायचं पण सांगायचं नाही, हे वळण किती खोलवर गेलंय बघा.

आता ती न शोभणारी गोष्ट. पडदा गप्प असल्याने माझं चाललं होतं. चक्र फिरता फिरता थांबलं की लोकांना काय करावं ते सुचत नसे, आणि मला फोन यायचा. मी जायचो, कॅप्स लॉक दाबायचो, कपाळाला आठी घालायचो, दोन-चार गोष्टी बदलायचो, मशीन चालू व्हायचं, चहा यायचा. "मराठी माणसाला त्या ओळींचा काय उपयोग" हे मी कळकळीने म्हणायचो, खोटं बोलत नव्हतो; पण त्या कळकळीला माझ्या मानाचं पाणी होतं हे मला भाचीच्या त्या फोननंतर दिसलं. तिने शब्द खोडून ओळी बाहेर काढल्या तेव्हा माझी पहिली प्रतिक्रिया कौतुकाची नव्हती. "कशाला हात लावलास?" असं माझ्या तोंडून गेलं.

आणि तिला तरी त्या ओळी कुठे कळल्या होत्या? दहातल्या नऊ नाहीत. एसटी घाटात बंद पडली की अर्धी गाडी खाली उतरून उघड्या बॉनेटभोवती उभी राहते. इंजिन कळणारा त्यात एखादाच असतो, पण वाफ येतेय की पट्टा तुटलाय एवढं सगळ्यांना दिसतं आणि पुढे काय करायचं ते त्यावर ठरतं. तिला दिसलं ते एक नाव. त्यावरून तिने शोधलं, विचारलं, फोटो काढून ठेवले, दोन फोटो शेजारी ठेवून जागा बदलतेय हे पाहिलं. इंग्रजीचा अडसर मी समजत होतो तेवढा नव्हता. अडसर चित्राचा होता.

शिवाय जुन्या काळी चित्राला जे कारण होतं ते आता उरलेलं नाही. तेव्हा मशीन सुरू व्हायला मिनिटभर तरी लागायचं आणि तेवढा वेळ ओळी बघत बसणं खरंच भीतिदायक होतं. एसएसडीवर सगळं ठीक असेल तर काही सेकंदांत लॉगिन येतं, ओळींकडे बघायलाही सवड मिळत नाही. ओळी डोळ्यांत भरतात त्या फक्त मशीन अडकल्यावर.

हे फक्त मलाच सुचलंय असं नाही. विंडोज 8 ने 2012 मध्ये निळ्या पडद्यावर दुर्मुखलेला चेहरा आणून तपशील जवळजवळ पुसून टाकले होते. विंडोज 10 मध्ये त्याच पडद्यावर फोनने टिपायचा क्यूआर कोड आला. विंडोज टाकताना शिफ्ट आणि एफ10 दाबलं की काळी खिडकी उघडते आणि तिच्यातून सेटअपच्या नोंदवह्या वाचता येतात, पण हे सांगणारी एक ओळही त्या पडद्यावर नसते. लिनक्समध्ये 2024 सालच्या 6.10 आवृत्तीपासून कर्नल कोसळला तर ग्राफिक्सच्या पडद्यावरही तसं दाखवायची सोय झाली आणि 6.12 मध्ये तिथेही क्यूआर कोड आला. चांगलं आहे. फक्त एक लक्षात घ्यावं, कोसळणं आणि अडकणं वेगळं. कोसळणारा कर्नल आपण कोसळतोय हे जाणून असतो, म्हणून जाता जाता लिहू शकतो. अडकलेल्याला तेवढीही फुरसत नसते. त्याच्यासाठी आधीपासून धावत आलेल्या ओळींखेरीज दुसरा पुरावा नाही. नोंदी आत साठवलेल्या असतात खऱ्या, पण गोठलेल्या मशीनमधून त्या वाचणार कोण?

मित्रांत यावरून माझी थट्टा होते, कारण याच मंडळींना मी एके काळी चित्राचे फायदे ऐकवले होते. त्यांच्यापैकी एकाचं म्हणणं मला अजून खोडता आलेलं नाही: ज्याला मशीन जोडायचं नाही, फक्त वापरायचंय, त्याच्यावर ओळी का लादायच्या? त्या शाळेतच हा प्रश्न उभा राहिला. नवं मत घेऊन मी उत्साहाने तिथल्या सगळ्या मशीनवर ओळी चालू केल्या. आठवड्याभरात बाईंचा निरोप आला, मुलं दंगा करतात, 'फेल्ड, फेल्ड' म्हणून ओरडतात, चित्र परत आणा. आणलं. पण सुरुवातीच्या मेनूत खाली दुसरी नोंद ठेवली, ती निवडली की चित्राविना ओळींसकट मशीन सुरू होतं. तिला मराठी नाव द्यायचं मनात होतं, 'सर्व नोंदी दाखवा' असं. पण तो मेनू दाखवणाऱ्या ग्रबच्या पडद्यावर जोडाक्षरं जुळत नाहीत, 'सर्व'चा रफार सुटा पडतो, म्हणून शेवटी ते नाव रोमन लिपीत टाकावं लागलं. भाचीचं म्हणणं, ती नोंद वर हवी आणि चित्राची खाली. बाईंना ते मान्य नाही, आणि खोली बाईंची आहे.